चौरेघी, शंभर पानी, नावासकट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरातल्या दोन गोष्टी एकदमच संपतात. आंब्याची पेटी आणि माझी झोप. पेटीतल्या शेवटच्या आंब्याची कोय कोणाची, यावर घरात वाटाघाटी चालू असतात आणि तेवढ्यात फोन टुणकन वाजतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येऊन पडलेली असते.

पूर्वी लग्नाच्या बैठकीत वरपक्ष यादी काढायचा, तसा या यादीचा थाट असतो. आपण वधूपिता. हसतमुखाने ‘हो, हो’ म्हणायचं आणि खिसा चाचपायचा. कन्या गेल्या वर्षी पहिलीत गेली. चौरेघी वह्या दोन, दुरेघी दोन, चौकटीच्या तीन, चित्रकलेची एक. मेणखडू, तेलखडू, गोल टोकाची कात्री, डिंक, दोन नॅपकिन, छोटा डबा, मोठा डबा, पाण्याची बाटली, रेनकोट. सगळ्यांत शेवटी ‘जुने वर्तमानपत्र : एक’. यादीतली ही एकमेव फुकट वस्तू. आम्ही पेपर बंद करून तीन वर्षं झाल्यामुळे तीच नेमकी घरात नव्हती. शेजारच्या काकांकडे मागायला गेलो. त्यांनी पेपर दिला, वर शब्दकोडं कापून ठेवून घेतलं.

यादीच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती : ‘सर्व वस्तूंवर पाल्याचे नाव घालणे आवश्यक.’ त्या ओळीकडे मी दुर्लक्ष केलं. या लेखाला कारण तेवढंच.

आमच्या लहानपणी शाळेची खरेदी ही खरेदी नसायची, वसुली असायची. पुढच्या वर्गात गेलेल्या मुलाला गाठायचं आणि त्याची पुस्तकं अर्ध्या किमतीत उचलायची. त्यात उत्तरांवर आधीच पेन्सिलीने खुणा केलेल्या असत, त्यामुळे ज्ञानही अर्धं होऊन मिळे. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून आई दाभणाने शिवायची. ती रफ वही. दप्तर बाबांच्या जुन्या पँटचं. पँटचा खिसा तोच दप्तराचा खिसा. पँटच्या उरलेल्या चेनचा उपयोग आईने कुठे केला होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

कोऱ्या पानांची ही कल्पना पुढे सरकारलाही सुचली. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांच्या मागे कोरी पानं घातली गेली. पुस्तकातच लिहायचं, वेगळी वही नको, म्हणजे ओझं कमी. पण आपल्याकडे शिक्षक ‘वहीत लिहा’ म्हणतात आणि मुलं ऐकतात. मुलं कोऱ्या पानांची पुस्तकंही नेऊ लागली आणि वह्याही. दोन वर्षांनी ती पानं पुन्हा निघाली. आमच्या आईच्या हाती दाभण दिलं असतं, तर काम पहिल्याच वर्षी झालं असतं.

‘दप्तर’ या शब्दाचा मूळ अर्थ कचेरी, कागदपत्रं. पुण्यात पेशवे दप्तर आहे. त्यातले कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडक कागद काढून छापले, तरी पंचेचाळीस खंड झाले. कन्या पहिल्या दिवशी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, निवड करण्याआधीचंच सगळं हिच्या पाठीवर दिलंय.

केंद्र सरकारचं दप्तराविषयी २०२० सालचं धोरण आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. कन्या वीस किलो, म्हणजे तिच्या वाट्याला दोन किलो. त्यात नुसतं रिकामं दप्तर सहाशे ग्रॅम, कारण त्याच्यावर एक युनिकॉर्न आहे आणि तो फोमचा आहे. अर्धा लिटर पाण्यासकट बाटली सातशे. भरलेला डबा चारशे. राहता राहिले तीनशे ग्रॅम. एवढ्यात भाषा, गणित, इंग्रजी आणि परिसराची ओळख बसवायची. मी युनिकॉर्न काढायला निघालो, तर कन्या म्हणाली, “त्यापेक्षा गणित काढा.”

खरेदीला आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. पेशव्यांच्या अप्पा बळवंत मेहेंदळे या सरदाराचं नाव या चौकाला आहे. जूनच्या पहिल्या रविवारी इथे पाय ठेवायला जी जिद्द लागते, ती पाहता सरदाराचंच नाव हवं होतं. दुकानदाराने माझ्याकडे न बघता विचारलं, “कितवी?”

“पहिली.”

“मीडियम?”

“मराठी.”

आता त्याने बघितलं. “सेट देऊ का सुट्टं?”

सेट म्हणजे न विचारता जे गळ्यात पडतं ते. सुट्टं म्हणजे विचारून जे गळ्यात पडतं ते. काटकसरी माणूस असल्याने मी सुट्टं म्हणालो आणि पुढचा पाऊण तास चौरेघी वहीतल्या रेघांचं अंतर तपासत उभा राहिलो. वहीवर ‘एकूण पानं’ लिहिलेली असतात, आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात, कव्हर धरून. म्हणजे शंभर पानी वहीत पहिलं पान पुठ्ठा आणि शंभरावं पानही पुठ्ठा. दुसऱ्या एका वहीवर १७२ पानं असं लिहिलं होतं. १७२ हा आकडा कुठून आला, हे कुठल्याही चौकटीच्या वहीत सुटणारं गणित नाही. पूर्वीच्या दोनशे पानी वहीची ही पानगळ असणार.

पेन्सिलींपाशी आमच्यात फूट पडली. मी नटराजच्या घराण्यातला, बायको अप्सरेच्या. लाल-काळे पट्टे की चंदेरी, यावर आमचं लग्नाआधीपासून जमलेलं नाही. दुकानदाराने दोन्ही बॉक्स पुढे सरकवले आणि म्हणाला, “भांडू नका, कंपनी एकच आहे.” आणि खरंच, दोन्ही हिंदुस्तान पेन्सिल्सच्या. इतक्या वर्षांचा वाद एका वाक्यात संपल्यावर नवरा-बायकोला जी पोकळी जाणवते, ती आम्हाला त्या काउंटरवर जाणवली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि वह्या यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. सरकारचे आभार. पण आमच्या घरी पेन्सिलही शून्यच होते, आणि तेही तीन दिवसांत. तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो. आत शिसं नसतंच. ग्रॅफाइट असतं आणि चिकणमाती असते. यातली माती कुठे जाते ते कपड्यांवर दिसतं. बाकी पेन्सिल कुठे जाते ते कळत नाही. कन्येला विचारलं तर तिने पहिलीतल्या बाजारपेठेचं स्वरूप समजावून दिलं. अख्ख्या पेन्सिलीच्या बदल्यात स्ट्रॉबेरीच्या वासाचं अर्धं खोडरबर मिळतं. अर्धं का? कारण उरलेलं अर्धं मूळ मालकाने चाखून पाहिलेलं असतं.

मग कपडे, बूट आणि रेनकोट. इथे मराठी माणूस एकच माप ओळखतो : वाढत्या अंगाचं. गणवेश वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड सोडलेली. बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबलेला. बूट पायाला नीट बसेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि मार्चमध्ये तळवा सुटतो. म्हणजे बरोबर मापाचा बूट आपण वर्षातून एकच महिना वापरतो. बोहरी आळीतून आणलेला रेनकोट तर इतका वाढत्या अंगाचा होता, की त्यात कन्या, दप्तर, युनिकॉर्न आणि थोडा पाऊस असे सगळे मावत होते. दप्तरासाठी त्याला पाठीवर कुबड असतं. रंग निळा. टिचबटणं पाच, त्यातली दोन दुकानातच राहिली.

आल्या रात्री कव्हरं घालायला बसलो. आमच्या वेळी कव्हर म्हणजे संपलेलं कॅलेंडर. सगळ्यांत मोठी मागणी एका बाजूने कोऱ्या असलेल्या देवदेवतांच्या कॅलेंडरला. गणिताच्या वहीला आत लक्ष्मी, बाहेर पांढरं. ‘कालनिर्णय’ त्या कामाचं नव्हतं, कारण त्याची पाठही पुढच्यासारखीच गच्च छापलेली. त्याचं कव्हर घातलेली वही कोणी मागितली तर ती लगेच परत मिळायची नाही, कारण मागणारा पाठचा लेख वाचत बसायचा. आता शाळेला खाकी कागदच लागतो, वर प्लास्टिक नको. खाकी रोल कुठल्याही मापाचा आणा, शेवटच्या वहीला चार बोटं कमीच पडतो. हा निसर्गनियम आहे. शेवटच्या वहीला मग दुकानाच्या पिशवीचं कव्हर घालतात आणि ती वही दप्तराच्या तळाशी ठेवतात. बाई सगळ्यांत आधी तीच तपासायला घेतात.

प्रत्येक वहीवर कन्येने स्वतः लेबल लावलं, थोडं तिरकं. मी त्यावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय असं वळणदार अक्षरात लिहिलं. वर्षभरात यातली एकही वही हरवली नाही. मी त्याचं श्रेय अक्षराला दिलं. ते नावाला द्यायला हवं होतं, हे कळायला जुलै उजाडला.

आता डबा. खरं तर सगळी खरेदी डब्याशीच येऊन थांबते, कारण दप्तरात रोज रिकामी होऊन परत यायला हवी अशी ती एकच वस्तू. प्लास्टिक घ्यायचं झालं तर तळाशी त्रिकोणातला आकडा बघावा, एवढं मला माहीत होतं. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम पदार्थाला त्यातल्या त्यात बरं. एक म्हणजे विकतच्या पाण्याच्या बाटलीचं, ते डब्याचं काम नव्हे. पण आईने जाहीर केलं की पोळीला प्लास्टिकचा वास लागतो. म्हणून स्टील.

स्टीलमध्ये ३०४ चांगलं, असं कुठेतरी वाचलं होतं. त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. आणि ते लोहचुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे भांड्यांच्या दुकानात मी खिशातून फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काढली. तिच्या पाठीला चुंबक आहे. एकेका डब्याला स्ट्रॉबेरी लावून मी ती घसरते का ते पाहू लागलो. दोन बायका खरेदी सोडून बघत उभ्या राहिल्या.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “साहेब, झाला का अभिषेक?”

मी त्याला ३०४ सांगितलं.

“चुंबक चिकटत नाही ते ३०४, असं नसतं. २०२ पण चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. म्हणून ते स्वस्त. आणि चांगल्या डब्याला पण काठापाशी जरा चिकटतं, कारण तिथे पत्रा ओढलेला, दाबलेला असतो. फळ खिशात ठेवा आणि तळाला काय ठोकलंय ते वाचा.”

तळाला ३०४ ठोकलेला एक डबा निघाला. दोन बाजूंनी दणकट क्लिपा, आत रबराची कडी, एक कप्पा भाजीचा, एक पोळीचा. साडेचारशे रुपये. मी पाणी भरून उलटा धरला, थेंब पडला नाही. जोरात हलवला, नाही पडला. विज्ञानावर विश्वास बसला.

“नाव घालून देऊ?” त्याने ते छोटं यंत्र उचललं. स्टीलच्या भांड्यावर टुर्रर्र आवाज करत ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवणारं हे यंत्र मराठी संसाराचा नोंदणी विभाग आहे. मी झटकन डबा मागे घेतला. धाकटा अडीच वर्षांचा आहे. पुढे हाच डबा त्याला देता येईल. बहिणीचं नाव घातलेला डबा तो नेणार नाही. हा माझा दूरदृष्टीचा क्षण. “नको. स्टिकर लावतो,” मी म्हणालो. त्याने खांदे उडवले. यंत्र बंद झालं.

शाळेच्या पहिल्या दिवशी डबा जसाच्या तसा परत आला. आत पोळी, आत बटाट्याची भाजी.

“का गं, आवडली नाही?”

“उघडला नाही.”

पाणी बाहेर येणार नाही याची परीक्षा मी घेतली होती. मुलगी आत जाऊ शकेल याची घेतली नव्हती. दुकानात क्लिपा मी उघडल्या होत्या, माझ्या अंगठ्यांनी. तिचा अंगठा माझ्या करंगळीएवढा. शिवाय सकाळी वाफाळती भाजी भरून मीच झाकण दाबून लावलं होतं. आतली वाफ थंड होऊन पाणी झाली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने झाकण असं धरून ठेवलं की बाईंनाही ते उघडेना. बाईंनी निरोप पाठवला : ‘मूल स्वतः उघडू शकेल असाच डबा द्यावा.’ किती साधं वाक्य. साडेचारशे रुपये देण्याआधी त्या दुकानात डबा कन्येच्या हातात दिला असता तर फुकट कळलं असतं. मग आठवडाभर आम्ही घरी डबा उघडण्याची शिकवणी घेतली. भाजी निवल्यावरच झाकण लावू लागलो. नवव्या दिवशी तिला डबा सफाईने उघडता आला. दहाव्या दिवशी तो हरवला.

स्टिकर? त्यावर डोरेमॉन होता, खाली नाव होतं. दुसऱ्या घासणीला नाव गेलं. तिसऱ्या घासणीला डोरेमॉन.

शाळेत चौकशीला गेलो. जिन्याखाली एक मोठं खोकं असतं आणि खोक्याशेजारी मावशी असतात. खोक्यात सात निळे रेनकोट, सातही वाढत्या अंगाचे. बाटल्यांची झाकणं अकरा, बाटली एकही नाही. एकट्या पायाचा बूट, पुढे कापूस. आणि डबे. चकचकीत, दणकट क्लिपांचे, सहा. सगळ्यांच्या तळाला ३०४. म्हणजे पहिलीच्या सगळ्या बापांनी तोच लेख वाचला होता.

“यातलाच एक आमचा आहे,” मी म्हणालो.

मावशींनी एवढंच विचारलं, “नाव घातलंय?”

मी स्ट्रॉबेरी बाळगणारा माणूस, त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो.

घरी आलो तेव्हा आई माळ्यावरून एक गाठोडं खाली घेत होती. त्यातून तिने स्टीलचा एक गोल डबा काढला. झाकण दाबून बसवायचं, क्लिप नाही, कडी नाही, कप्पे नाहीत. अंगठ्याने कडेला ढकललं की उघडतो. तळाला काही ठोकलेलं नव्हतं. पण झाकणावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती : ‘कै. माई यांच्या स्मरणार्थ’ आणि खाली ‘२१-६-८६’.

माई ही बाबांची आत्या. तिच्या तेराव्याला वाटलेला डबा.

बायको म्हणाली, “आई, शाळेत? हा?”

“का? तेराव्याला वाटलाय, चोरून नाही आणला. आणि माईंनी जन्मात एक चमचा हरवू दिला नाही.”

कन्येने एकेक अक्षर लावून वाचलं. पहिलीत वाचन सुरू झालं की मूल जे दिसेल ते वाचतं. “कै… माई. कै म्हणजे?”

कोणीच बोललं नाही. तिने स्वतःच ठरवलं, “कैमाई. कैरीसारखं.”

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तो ‘कैमाईचा डबा’ झाला. त्यात पोळीचा लाडू असो, थालीपीठ असो, साधी गूळ-तूप-पोळी असो, सगळे ‘कैमाईकडचा खाऊ’ म्हणून मागू लागले. तो डबा पहिल्या मजल्यावरून खाली पडला, पोचा आला, परत आला. बसथांब्यावर राहिला, परत आला. व्हॅनमध्ये राहिला, तर व्हॅनकाका रात्री साडेआठला दारात. म्हणाले, “हा कैमाईंचा डबा. असलं नाव वाचून घरी ठेवायला बरं नाही वाटलं.” कोणालाच बरं वाटत नव्हतं. क्लिप, कडी, लॉक यांतलं कुठलंही तंत्रज्ञान माणसाच्या मनावर एवढं काम करत नाही.

ऑगस्टमध्ये जिन्यापाशी मावशी भेटल्या. चेहरा काळजीचा. “माई कशा आहेत आता?”

मी तोंड उघडायच्या आत कन्या म्हणाली, “बऱ्या आहेत. आता पोचा आलाय.”

मार्चअखेर मी हिशोब मांडला. रेनकोट दोन, बाटल्या तीन, पेन्सिलींचे बॉक्स सहा, ३०४ नंबरचा डबा एक : सगळे घेताना स्वस्त पडले होते, आणि एकही परत आला नव्हता. फुकटातला तेवढा रोज घरी येत होता. किंमत दुकानात ठरत नाही, जिन्याखालच्या खोक्यापाशी ठरते.

पुढच्या जूनमध्ये धाकटा बालवाडीत जायचा होता. यादी आली. मी खालची ठळक ओळ आधी वाचली आणि थेट भांड्यांच्या दुकानात गेलो. या वेळी स्ट्रॉबेरी घरी आणि धाकटा कडेवर. साधा गोल डबा त्याच्या हातात दिला, त्याने तो उघडला, बंद केला, डोक्यावर घातला. पास.

“नाव घालून द्या,” मी म्हणालो.

“सांगा.” यंत्र टुर्रर्र सुरू झालं.

“कै. माई यांच्या स्मरणार्थ.”

यंत्र थांबलं. दुकानदाराचा आवाज खाली आला. “अरेरे. कधी झालं?” आणि मग धंद्याच्या पण आदबीच्या सुरात, “किती नग काढू? पन्नासच्या वर नाव फुकट घालून देतो.”

“एकच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या पोराकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावरच्या डब्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “माणसं फारच तुटली होती का हो माईंची?”